फड कुणाचा, संघ कुणाचा?

पोलाद, सिमेंट, कोळसा, विटा, खत... ही यादी एखाद्या ठेकेदाराच्या वहीतली वाटेल. प्रत्यक्षात ती व्हिएतनामच्या व्यावसायिक फुटबॉल साखळीत, म्हणजे ‘व्ही-लीग’मध्ये, उतरलेल्या संघांच्या नावांतून गोळा केलेली आहे. ‘सी मांग हायफाँग’ याचा अर्थ सिमेंट हायफाँग. ‘थान क्वांग निन्ह’ याचा अर्थ कोळसा क्वांग निन्ह. लाँग आन प्रांताच्या संघाच्या नावात विटा होत्या. नाम दिन्हच्या नावात एकेकाळी खत होतं, अलीकडे ‘हिरवं पोलाद’ आलं. दा नांगच्या नावापुढं बँकेची आद्याक्षरं लागली. मालक बदलला की नाव बदलतं. कधी सदऱ्याचा रंग बदलतो, कधी बोधचिन्ह, तर कधी संघाचं गावच बदलतं. प्रेक्षक तेवढा तोच राहतो. कुणाच्या नावानं ओरडायचं, हे मात्र त्यानं दर दोन-चार वर्षांनी नव्यानं पाठ करायचं.

२००९ सालापासून मीही या प्रेक्षकांतला एक आहे. मूळचा मी कोल्हापूरचा. राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील आणि शिवाजी यांच्या झुंजी बघत वाढलेला. फुटबॉल ही पेठेपेठेतली भाऊबंदकी असते, असंच लहानपणापासून मनात बसलेलं. सूतगिरण्यांच्या यंत्रांची जोडणी आणि दुरुस्ती या कामासाठी त्या वर्षी हनोईला गेलो आणि वर्षातले सात-आठ महिने तिकडेच मुक्काम पडू लागला. भाषा येत नव्हती. फुटबॉल कळत होता, तेवढ्यावर संध्याकाळ निभावता येत होती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाचं एक दुकान होतं. दुकान कसलं, चार बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं, एक पिंप आणि काचेचे ग्लास. बर्फ घातलेला कोरा हिरवा चहा आणि सोबत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचं. तिथं एक निवृत्त सैनिक रोज येत. व्हिएतनामी भाषेत समोरच्याचं वय आणि आपलं नातं ठरवल्याशिवाय धड वाक्यच जुळत नाही. वडिलांपेक्षा वडीलधारा माणूस म्हणजे ‘बाक’. मी त्यांना बाक म्हणू लागलो, त्यांनी मला ‘चाऊ’, म्हणजे पुतण्या, करून टाकलं. अनोळखी माणसालाही काका-मामा म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जड जात नाही. आणि पुतण्या झालं की घराण्याचा संघही वारशानं येतो. बाकांचा संघ होता ‘थे काँग’.

थे काँग हा सैन्याचा संघ. स्थापना १९५४ ची, म्हणजे दिएन बिएन फूला फ्रेंचांचा पाडाव झाला त्याच वर्षाची. १९८० मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाल्यावर हा संघ पाच वेळा विजेता ठरला, शेवटचा १९९८ मध्ये. हनोईतल्या एका अख्ख्या पिढीनं रेडिओला कान लावून या संघाचे सामने ऐकले. हांग दे मैदानावर लाल सदऱ्यातला संघ उतरला की बाक ताठ बसत. त्यांच्या लेखी तो खेळाडूंचा संघ नव्हताच, ती त्यांची जुनी पलटण होती.

मी हनोईला पोचलो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात हा संघ बंद झाला. तो चालवणाऱ्या, सैन्याच्याच मालकीच्या ‘व्हिएटेल’ या दूरसंचार कंपनीनं थे काँग हे नाव काढलं आणि व्ही-लीगमधली जागा थान्ह होआ प्रांताकडे गेली. पंचावन्न वर्षांचा संघ एका निर्णयानं कागदावरून उतरला. बाक आठवडाभर चहाला आले नाहीत. आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की आता रविवारी कुठं बसायचं? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण तेव्हापासून मी व्ही-लीगकडे त्या प्रश्नाच्या अंगानंच बघत आलो आहे.

हे असं का होतं, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. १९८० च्या पहिल्या स्पर्धेचा विजेता होता रेल्वे खात्याचा संघ. त्यानंतरच्या काळात सैन्य, पोलीस, बंदर, जकात खातं अशा सरकारी खात्यांचे संघ एकमेकांशी भिडत. सायगाव बंदराचा संघ दक्षिणेचा लाडका. १९९१ मध्ये तर चक्क जकात खातं विजेतं ठरलं. मुंबईच्या कूपरेजवर टाटा, महिंद्र, एअर इंडिया, पश्चिम रेल्वे यांचे सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. खेळाडू खात्याच्या पटावर, पगार खात्याचा. पैसा थोडा, पण संघ उद्या असेल की नाही, ही भीती नाही.

१९८६ पासून व्हिएतनामनं आर्थिक सुधारणा हाती घेतल्या आणि खात्यांना हिशेब लागू झाला. फुटबॉल हा त्या हिशेबात न बसणारा खर्च. २०००-०१ च्या हंगामापासून साखळी व्यावसायिक झाली, परदेशी खेळाडू आले, आणि संघांच्या चाव्या हळूहळू उद्योगपतींच्या हातात गेल्या. या मालकांना व्हिएतनामी लोक ‘बाऊ’ म्हणतात. हा शब्द मुळात फुटबॉलचा नाहीच. गाण्या-नाटकाच्या फिरत्या मंडळींचा जो मालक, तो बाऊ. आपल्या भाषेत सांगायचं तर फडमालक. कलावंत त्याचे, तंबू त्याचा, नफा-तोटा त्याचा. लोकांनी फुटबॉलच्या मालकाला हा शब्द लावला यात त्यांचा धूर्तपणा दिसतो. कायद्याच्या भाषेत जे उलगडायला पानं लागली असती, ते त्यांनी एका शब्दात सांगून टाकलं.

पहिला गाजलेला फडमालक म्हणजे दोआन न्गुएन दुक. मध्य व्हिएतनामच्या डोंगराळ भागातलं प्लेकू हे गाव, आणि त्यांचा लाकूड-फर्निचरचा धंदा. २००२ मध्ये त्यांनी थायलंडचा त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू कियातिसाक याला आपल्या ‘होआंग आन्ह जा लाय’ या संघात आणलं, तेव्हा हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. २००३ आणि २००४ मध्ये हाच संघ व्ही-लीगचा विजेता झाला. मग सगळ्यांनाच कंड सुटली. लाँग आननं २००५ आणि २००६ मध्ये करंडक नेला, बिन्ह झुआंगनं २००७ आणि २००८ मध्ये. हायफाँगनं २००९ मध्ये कमाल केली. २००२ चा विश्वचषक जिंकलेल्या ब्राझीलच्या संघातला देनिल्सन त्यांनी आणला. तो एक सामना खेळला, एक गोल केला आणि निघून गेला. लाच ट्राय मैदानावरची मंडळी अजून त्या गोलाची गोष्ट सांगतात. सांगायला एकच असल्यामुळं तपशील विसरत नाहीत.

पैसा जसा आला तसा गेला. बँका आणि जमिनींच्या व्यवहारांना २०१२ मध्ये ओहोटी लागली, तेव्हा फडमालकही आटले. २०१३ चा हंगाम बारा संघांनी सुरू झाला आणि अकरांनी संपला, कारण सायगावचा एक संघ मधूनच निघून गेला. २०१४ मध्ये निन्ह बिन्हच्या खेळाडूंनी परदेशातल्या सामन्यावर सट्टा लावल्याचं उघड झालं, आणि मालकानं हंगामाच्या मधोमध संघ काढून घेतला. २०१६ मध्ये हनोईचा एक संघ बिऱ्हाड उचलून सायगावला गेला आणि तिथल्या नावानं खेळू लागला. २०२१ मध्ये कोळशाचा, क्वांग निन्हचा, संघ बंद पडला. खेळाडूंचे पगार थकले होते.

वाचक म्हणतील, मग असला खेळ बघायचा कशाला? हा प्रश्न मला हनोईतल्या शिकल्या-सवरल्या तरुणांनीही विचारला आहे. ते रात्री जागून इंग्लंडचे सामने बघतात. व्ही-लीगचं नाव काढलं की हसतात, आणि त्यांच्या हसण्याला कारणंही आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये सायगावच्या थाँग न्यात मैदानावर लाँग आनविरुद्ध पेनल्टी दिली गेली. निषेध म्हणून लाँग आनचा गोलरक्षक चेंडूकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याचे सहकारी नुसते चालत राहिले. २-२ असलेला सामना ५-२ झाला. ही चित्रफीत जगभर फिरली आणि व्हिएतनामी माणूस शरमला. सप्टेंबर २०१९ मध्ये हांग दे मैदानावर पाहुण्या संघाच्या बाजूनं सुटलेल्या एका दारूच्या बाणानं प्रेक्षकांत बसलेली एक स्त्री गंभीर जखमी झाली. तेव्हा प्रेक्षक म्हणजे कुणी संत आणि मालक तेवढे खलनायक, असा हा वगनाट्याचा मामला नाही.

शिवाय फडमालकांच्या पैशातून खरंच काही उगवलं, हेही मान्य केलं पाहिजे. दोआन न्गुएन दुक यांनी २००७ मध्ये आर्सेनलच्या सहकार्यानं प्लेकूला मुलांसाठी प्रबोधिनी काढली. हनोईच्या संघानं मुलं घडवली, व्हिएटेलनं घडवली. न्गे आन या गरीब, पूर आणि वादळांनी पिडलेल्या प्रांताच्या ‘सोंग लाम’ संघानं तर मोठ्या मालकाच्या आधीपासून घरचीच मुलं तयार करण्याचा परिपाठ ठेवला होता. २००८ मध्ये थायलंडविरुद्ध शेवटच्या क्षणी डोक्यानं गोल मारून देशाला आग्नेय आशियाचा पहिला करंडक मिळवून देणारा ले काँग विन्ह हा त्याच मातीतला. या सगळ्या मुलांतून २०१८ च्या जानेवारीत चीनमधल्या चांगचौला आशियाच्या तेवीस वर्षांखालच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा संघ उभा राहिला. भर बर्फात, जादा वेळेच्या अगदी अखेरीस उझबेकिस्तानकडून २-१ नं हरला. तरीही तो परतला तेव्हा विमानतळापासून शहरापर्यंत दुतर्फा माणसं उभी होती. देशाचा संघ जिंकला की तिथं लोक मोटारसायकली काढून, झेंडे घेऊन, भांडी बडवत रात्रभर रस्त्यावर फिरतात. त्याला ते ‘वादळात जाणं’ म्हणतात. मी त्या वादळात तासन् तास अडकलो आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

भारतीय माणसाला या प्रगतीचं माप घ्यायला तीन सामने पुरतात. ८ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्यात, बालेवाडीला, भारतानं व्हिएतनामला ३-१ हरवलं. तिन्ही गोल सुनील छेत्रीचे. २७ सप्टेंबर २०२२ रोजी सायगावात व्हिएतनामनं भारताला ३-० हरवलं. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी नाम दिन्हला १-१ अशी बरोबरी झाली. त्या दिवशी गुरप्रीतनं पेनल्टी अडवली तेव्हा माझ्या आसपासच्या मंडळींनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि फारुख चौधरीनं गोल केला तेव्हा शेजारच्यानं सूर्यफुलाच्या बियांची पुडी माझ्यापुढं केली. बारा-चौदा वर्षांत दोन देशांमधला पारडा असा फिरला, त्यामागं तिथल्या संघांनी मुलांवर केलेला खर्च आहे.

पण पारड्याची दुसरी बाजू मला पुण्या-मुंबईची आठवण देते. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये. गोव्याच्या धेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग या तीन संघांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतलं. पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. या प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत मालकाचं निवेदन आलं, खेळाडूंचं काय होणार याची चर्चा झाली. पायऱ्यांवर बसणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. व्हिएतनाममध्ये जे झालं ते नेमकं हेच, फक्त तिथं पायऱ्यांवरची माणसं जास्त होती.

याच्या उलट कोल्हापूरच्या तालमींचं बघा. तिथं परदेशी खेळाडू येतात, बक्षिसांचे आकडे लागतात, भांडणंही होतात. पण पाटाकडील तालीम उद्या कुणी विकत घेऊन सोलापूरला नेली, असं होऊ शकत नाही, कारण ती कुणा एकाच्या मालकीचीच नाही. पेठ तिची मालक. खेळाचा दर्जा व्ही-लीगइतका नाही, हे कबूल. पण ‘रविवारी कुठं बसायचं’ हा प्रश्न तिथल्या म्हाताऱ्याला पडत नाही. जर्मनीत मोठ्या संघांनाही साधारण हाच नियम आहे. मताधिकाराचा निम्म्याहून जास्त वाटा सभासदांच्या हाती राहावा लागतो, मग पैसा कुणाचाही असो. तेव्हा हे मोठ्या पातळीवर जमतच नाही, असं म्हणायची सोय नाही.

व्हिएतनाममध्ये पेठेचा हा भाव जर कुठं सापडत असेल, तर तो नाम दिन्हला. हनोईहून रेल्वेनं नव्वदेक किलोमीटर. फ्रेंचांच्या काळापासूनची मोठी कापडगिरणी हे या गावाचं वैभव होतं. गिरणगावाची कळा ज्यानं पाहिली आहे त्याला या गावात परकं वाटत नाही. माझं काम यंत्रांचं, त्यामुळं इथं येणं-जाणं वाढलं आणि थे काँग गेल्यावर मी इथल्या थिएन त्रुओंग मैदानावर बसू लागलो. गावात चैन करण्याजोगं फारसं काही नाही. सामन्याच्या दिवशी दुपारपासूनच मोटारसायकलींची रांग लागते. आजोबा, सुना, नातवंडं असं बिऱ्हाडच्या बिऱ्हाड येतं. ढोल असतो, कर्णे असतात. मे २०२० मध्ये साथीमुळं जगभरची मैदानं ओस पडली असताना इथं हजारो प्रेक्षक जमले होते.

नाम दिन्हचं आधीचं विजेतेपद १९८५ चं. त्यानंतर २०१० मध्ये संघ खालच्या श्रेणीत घसरला, २०१७ मध्ये वर आला आणि पुढची काही वर्षं तळाशी धडपडत राहिला. त्या दिवसांतही पायऱ्या भरलेल्या असत. मग पोलाद कंपनीचा पैसा आला, राफाएलसन नावाचा ब्राझीलचा आघाडीपटू आला. त्यानं २०२३-२४ च्या हंगामात ३१ गोल केले आणि एकोणचाळीस वर्षांनी करंडक गावात आला. त्या रात्री मी कापडगिरणीच्या रस्त्यावर होतो. १९८५ पाहिलेले आणि न पाहिलेले, दोघंही रडत होते. राफाएलसन पुढं व्हिएतनामचा नागरिक झाला, न्गुएन शुआन सोन असं नाव घेतलं, देशासाठी आग्नेय आशियाच्या स्पर्धेत सात गोल केले आणि ५ जानेवारी २०२५ रोजी बँकॉकला अंतिम सामन्यात त्याचा पाय मोडला. देश जिंकला. नाम दिन्हनं जून २०२५ मध्ये पुन्हा व्ही-लीग जिंकली.

आणि त्यानंतर काही दिवसांतच, १ जुलै २०२५ रोजी, नाम दिन्ह प्रांतच नकाशावरून गेला. देशभर प्रांतांचं एकत्रीकरण झालं आणि नाम दिन्ह, हा नाम व निन्ह बिन्ह मिळून एक प्रांत झाला. नाव राहिलं निन्ह बिन्हचं. गंमत अशी, की १९८५ चा करंडक जिंकला तेव्हाही हे तिन्ही प्रांत एकच होते आणि संघाच्या नावात ‘हा नाम निन्ह’ असं त्रिकूट होतं. सरकारं जोडतात, तोडतात, पुन्हा जोडतात. त्याच २०२५ च्या उन्हाळ्यात २०१७ चा विजेता क्वांग नाम संघ पैशाअभावी व्ही-लीगमधून बाहेर पडला. त्याचा प्रांत दा नांगमध्ये विलीन झाला होता. त्याच्या प्रेक्षकांना एकाच महिन्या-दोन महिन्यांत प्रांत आणि संघ अशी दोन्ही नावं गमवावी लागली.

थे काँगचं नाव मात्र परत आलं. व्हिएटेलनं मुलांचा संघ चालू ठेवला होता. तोच पुढं वर चढत २०१९ मध्ये व्ही-लीगमध्ये पोचला, २०२० मध्ये विजेता झाला, आणि २०२३ मध्ये त्याला ‘थे काँग–व्हिएटेल’ हे नाव मिळालं. जुन्या चाहत्यांनी चौदा वर्षं ते नाव सोडलं नव्हतं. मालकालाही शेवटी त्यात किंमत दिसली. बाक तेव्हा ऐंशीच्या पुढं गेलेले. मैदानाच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या. मी सामन्याचं तिकीट नेऊन दिलं. त्यांनी ते अक्षर न् अक्षर वाचलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

व्ही-लीगच्या धुरिणांनी मैदानं सुधारावीत, पंच सुधारावेत, हे सगळे सांगतातच. माझी एक साधी मागणी आहे. संघाचं नाव, त्याचा रंग आणि त्याचं गाव या तीन गोष्टी विक्रीतून वगळाव्यात. मालकानं सदऱ्यावर हवी ती जाहिरात लावावी, नफा घ्यावा, तोटा झाला तर निघून जावं. नाव त्यानं कमावलेलं नाही, म्हणून ते त्याला विकताही येऊ नये. आपल्याकडे नव्या साखळ्यांत पैसा ओतणाऱ्यांनाही हाच नियम लागू व्हायला हरकत नाही.

तोवर प्रेक्षक आपला कायदा आपणच चालवतो आहे. नाम दिन्हच्या तिकिटावर पोलाद आहे, सदऱ्यावर पोलाद आहे, गुणतक्त्यावरही पोलाद आहे. पण इतकी वर्षं त्या पायऱ्यांवर बसतो आहे, तिथून ‘पोलाद’ अशी आरोळी मी एकदाही ऐकलेली नाही. लोक ‘नाम दिन्ह’ असंच ओरडतात.